दिवे मालवणाऱ्यांची यादी

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाच्या आदल्या वर्षीच्या कार्यक्रमाला दोन महिने होऊन गेले होते. एका लग्नाच्या पंगतीत आमच्या मंडळातल्या एका काकांच्या पत्नी माझ्या शेजारी बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "त्या रात्री फाट्यावर सलग नऊ तास उभे होते हो हे. घरी आले तेव्हा पाय सुजलेले. आभारात सगळ्यांची नावं घेतलीत, यांचं राहिलं. ते काही बोलले नाहीत. पण मला लागलं ते."

आभार मानायला मीच उभी होते. कागदावर १४ नावं होती आणि शेवटी, सगळेच म्हणतात तसं, "ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार" असं म्हणून मी मोकळी झाले होते. काका या "अज्ञात"मध्ये गेले होते. गेली सहा वर्षं दर शुक्रवारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस अज्ञात कसा, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताटातला जिलबीचा वेढा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी विषय उडवून लावला, चहा पाजला आणि शनीची कडी यंदा किती अरुंद दिसतायत ते सांगत बसले. पण परत येताना मी ठरवलं, पुढच्या वर्षी आभाराचं काम शेवटच्या तासाला करायचं नाही. ते कार्यक्रमाच्या तयारीबरोबरच सुरू करायचं. ते कसं केलं आणि त्यात काय काय घडलं, ते लिहून ठेवते आहे.

आमचं मंडळ पुण्यातलं, हौशी आकाशनिरीक्षकांचं. पुण्यात या छंदाची परंपरा जुनी आहे, ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून काम करते. त्यांच्यासमोर आम्ही अगदीच लहान. नियमित येणारे चाळीसेक जण आहोत: बँकेतून निवृत्त झालेले, शिकणारी मुलं, दोन डॉक्टर, एक रिक्षाचालक, माझ्यासारख्या शिक्षिका. वर्षातून एकदा, मार्चमधल्या अमावास्येच्या आसपास आम्ही सगळे शहराबाहेर जमतो आणि रात्रभर मेसिए मॅरेथॉन करतो.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अठराव्या शतकात चार्ल्स मेसिए नावाचा फ्रेंच निरीक्षक धूमकेतू शोधायचा. आकाशात धूमकेतूसारखे अंधुक दिसणारे पण जागचे न हलणारे ठिपके त्याला सारखे चकवायचे, म्हणून त्यानं त्यांची यादी केली. १७८१ साली छापलेल्या यादीत असे १०३ होते, पुढे इतरांनी भर घालून ते ११० झाले. त्यात तारकागुच्छ आहेत, तेजोमेघ म्हणजे वायू-धुळीचे ढग आहेत, दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह आहेत. कृत्तिका ही एम (म्हणजे मेसिए) ४५, पुष्य नक्षत्रातला गुच्छ हा एम ४४, मृगातला तेजोमेघ एम ४२. सूर्य मार्चअखेरीस आकाशाच्या अशा भागात असतो की एका रात्रीत यातले जवळपास सगळे पाहता येतात. संध्याकाळी तिमिंगलातल्या एम ७७ पासून सुरुवात करायची आणि पहाटे मकर राशीतल्या एम ३० वर थांबायचं.

या यादीतली एक गोष्ट मला फार आवडते. सप्तर्षींच्या शेपटीशी, मरीची ताऱ्याजवळ एम १०१ ही दीर्घिका आहे. ती मेसिएला सापडलेली नाही. त्याचा सहकारी पिएर मेशँ याला ती मार्च १७८१ मध्ये दिसली. यादी छापायला निघालेली असताना मेसिएनं तिची भर घातली आणि शोध मेशँचा, हेही तिथेच नोंदवलं. अडीचशे वर्षं होत आली, अजूनही एम १०१ म्हटलं की मेशँचं नाव येतं. काकांच्या घरून परतल्यावर मी ती नोंद पुन्हा काढून वाचली होती.

यंदाची, म्हणजे २०२५ ची तारीख ठरवताना अडचण आली. फाल्गुन अमावास्या शनिवारी, २९ मार्चला होती. शनिवारची अमावास्या म्हणजे आमच्यासाठी सोन्याहून पिवळं. पण रविवारी गुढीपाडवा. सणाच्या आदल्या रात्री घर सोडून माळरानावर कोण येणार, आणि काम करायला तर कोण राहणार? बैठकीत बराच वेळ शांतता होती. मग आमच्यातल्या एका ताईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, "मी शुक्रवारीच पुरणाची तयारी करून ठेवते. गुढी सासूबाई उभारतील." त्यांच्यामागून १९ हात वर झाले. माझ्या वहीतली पहिली नोंद ती झाली: ताईंच्या सासूबाई.

वही साधी, दोनशे पानी. डाव्या पानावर काम लिहायचं, उजव्या पानावर ते करणारं माणूस आणि त्या माणसाच्या मागचं माणूस. प्रत्येक स्वयंसेवकाला मी एकच प्रश्न विचारायचे, "तुझं काम होण्यासाठी तुला कोणाची मदत झाली?" या प्रश्नानं यादी वाढायला लागली. आकाशाचे नकाशे आणि निरीक्षणाचे तक्ते शनिवार पेठेतल्या एका छापखान्यानं फुकट छापून दिले होते, ते आम्हाला ठाऊक होतं. पण तक्त्याची अक्षरं अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना न बाधणाऱ्या लाल प्रकाशात वाचता यावीत म्हणून तिथल्या कामगारानं तीन वेगवेगळ्या जाडीच्या टायपात नमुने काढले, दुकान बंद झाल्यावर खोलीत लाल बल्ब लावून तपासले आणि मगच छपाई केली, हे मुलगा तक्ते आणायला गेला तेव्हा कळलं. भोसरीतल्या एका वर्कशॉपनं दोन मोठ्या दुर्बिणींच्या बैठकांसाठी कड्या कातून दिल्या. त्या कड्यांचं माप चुकलं होतं. चूक आमचीच होती, रेखाचित्रात व्यास आणि त्रिज्येचा घोळ झाला होता. त्यांनी एक शब्द न बोलता दुसऱ्या कातून दिल्या. लेथवरच्या त्या माणसाचं नाव मालकांनी स्वतःहून सांगितलं. म्हणाले, "आभार माझे नकोत, त्याचे माना. जेवणाच्या सुट्टीत बसून केलंय त्यानं."

महिनाभरात वहीत ५० च्या वर नावं झाली.

पैसे देणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. सहा प्रायोजक होते. पाच जणांशी काही प्रश्न आला नाही. सहाव्यांची रक्कम सगळ्यात मोठी होती, २५,००० रुपये. त्यांची अट अशी होती की मैदानाच्या तोंडाशी त्यांचा फलक रात्रभर उजेडात दिसला पाहिजे. पैसे देणाऱ्याला आपलं नाव दिसावं असं वाटणं अगदी रास्त आहे, मी त्यात काही वावगं मानत नाही. पण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी मेहनत एका क्षणात पुसून टाकतो. फोनवर हे समजावून झालं, पटलं नाही. शेवटी आमचे कार्यवाह त्यांच्या प्रतिनिधीला एका संध्याकाळी प्रत्यक्ष त्या शेतावर घेऊन गेले. खुर्ची टाकून त्यांना पंचवीस मिनिटं नुसतं बसवलं. मग मृगाच्या तलवारीतल्या तेजोमेघाकडे बोट दाखवलं आणि त्यानंतर मोबाइलचा टॉर्च त्यांच्या तोंडावर एकदा लावून बंद केला. "आता बघा," म्हणाले. ते गृहस्थ काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फलक जेवणाच्या मंडपात लावा. साडेसातला उतरवा." त्या पैशातून दोन फिरती स्वच्छतागृहं, प्रथमोपचाराचं सामान आणि पिण्याचं पाणी आलं. आलेल्या ८२ जणांत ३० बायका-मुली होत्या. स्वच्छतागृह जवळ नसतं तर त्यातल्या निम्म्याही रात्रभर थांबल्या नसत्या. आभाराच्या पत्रात आम्ही हेच लिहिलं, पावत्यांच्या प्रती जोडल्या आणि उरलेले १,३४० रुपये परत पाठवले. देणगीदाराला सुंदर शब्दांपेक्षा आपला रुपया कुठे गेला ते कळायला हवं असतं, असं माझं मत यंदा अगदी पक्कं झालं.

जागा राजगड-तोरण्याच्या बाजूची, वेल्ह्याकडची. गावाला लागून एका शेतकऱ्याचं मोकळं, नांगरून सपाट केलेलं रान. ईशान्येला पुण्याचा उजेड क्षितिजावर पिवळट फुगलेला दिसतो, त्याला इलाज नाही. बाकी तिन्ही दिशा चांगल्या. ग्रामपंचायतीकडे महिनाभर आधी अर्ज दिला होता, त्यांनी रात्री आठ ते पहाटे साडेपाच रस्त्यावरचे दिवे बंद ठेवायला परवानगी दिली. देवळाच्या गुरवांनी कळसाशेजारचा हॅलोजन स्वतःहून काढून ठेवला.

त्या रात्रीचं सगळं सांगत बसत नाही, पण एक दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. गाडीची डिकी उघडली की आत दिवा लागतो. कोणी नेत्रिका, म्हणजे दुर्बिणीचं डोळ्यापाशी लावायचं भिंग, काढायला, कोणी शाल काढायला डिकी उघडतंच. आमच्यातली एक कॉलेजची मुलगी काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन संध्याकाळी सहापासून ३१ गाड्यांच्या डिकीतले दिवे झाकत फिरत होती. समोरचा माणूस दुर्बीण उतरवायच्या घाईत असायचा, हिच्याकडे बघायचाही नाही. रात्री अकराला उशिरा आलेल्या एका गाडीची डिकी उघडली आणि पट्टी संपलेली. तिनं धावत जाऊन दोन्ही तळहात त्या दिव्यावर धरले. ते गृहस्थ पाच मिनिटं सामान काढत होते, ही तेवढा वेळ वाकून उभी. बोटांच्या फटींतून लाल उजेड येत होता, हात मांसल लाल दिसत होते. मी वही काढून अंधारातच, अंदाजानं, तिचं नाव लिहिलं. सकाळी पाहिलं तर ते आधीच्या ओळीवर चढलेलं होतं.

फाट्यावर काका होतेच. यंदा एकटे नव्हते, चार जणांच्या पाळ्या लावल्या होत्या आणि त्यांच्यासाठी खुर्ची होती. प्रत्येक गाडी थांबवायची, पुढचे दिवे घालवायचे, लाल जिलेटीन लावलेल्या बॅटरीनं वाट दाखवायची आणि गाड्या तोंड बाहेर करून लावायच्या, म्हणजे कोणाला मध्येच निघावं लागलं तर झोत मैदानावर फिरणार नाही.

आपल्या अक्षांशावरून आणि त्या तारखेला संध्याकाळच्या दीर्घिका हाती लागणं कठीण. एम ७४ आणि देवयानी दीर्घिका संधिप्रकाशातच तोरण्याच्या अंगाला उतरून जातात. पण मध्यरात्री कन्या रास डोक्यावर आली की दीर्घिकांची दाटी होते, आणि पहाट तर आपलीच. दक्षिणेकडचं सगळं आपल्याला युरोपातल्या लोकांपेक्षा चांगलं दिसतं. पाचच्या सुमारास आग्नेयेला एम ३० दिसला तेव्हा एका नववीतल्या मुलानं "मिळाला!" असं ओरडून सगळ्यांना जागं केलं. त्याच्या गटानं ९८ टिपले होते, यंदाचे सर्वांत जास्त.

आभार पहाटे सहाला ठेवले होते. दरवर्षी संध्याकाळी, उद्घाटनाच्या वेळी मानत होतो. पण तेव्हा काम झालेलंच नसतं, मग आभार कशाचे? सूर्य उगवायला अजून अर्धा तास होता. शेतकरी दादांच्या घरी गुढीची तयारी चालली होती. अंगणात काठी धुऊन ठेवलेली, शेजारी कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेच्या गाठी. वहिनींनी आम्हा सगळ्यांना कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ आणि ओवा कालवलेली चिमूट चिमूट दिली. ते कडू-गोड तोंडात असतानाच मी वही उघडली.

माइक नव्हता. नावं ६७ होती. प्रत्येक नावापुढे एक वाक्य, त्याहून जास्त नाही. "यांनी ३१ गाड्यांचे दिवे झाकले." "यांनी रात्री तीनला चूल पेटवून ८२ जणांना गवती चहाचा चहा दिला, चुलीपुढे पत्रा आडवा लावून." "यांनी फाट्यावर रात्र काढली, यंदाही आणि गेल्या वर्षीही. गेल्या वर्षी हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं." काका त्या वेळी खाली बघत होते. काकू आल्या होत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या. पुण्यातल्या ताईंच्या सासूबाईंचं नाव घेतलं तेव्हा ताईंनी फोन काढून त्यांना लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडून देवघरातल्या घंटेचा आवाज येत होता.

सगळं मिळून एकवीस मिनिटं लागली. रात्रभर जागलेली माणसं उभ्यानं ऐकत होती, कोणी निघून गेलं नाही. शेवटची ओळ मी वाचली, "आणि समस्त ग्रामस्थ." टाळ्या झाल्या. मला हलकं वाटलं. वाटलं, यंदा कोणी राहिलं नाही.

गर्दी पांगत असताना ग्रामपंचायतीचे कर्मचारी माझ्याकडे आले. गावाला पाणी सोडणं, दिवाबत्ती, सगळं तेच बघतात. त्यांचं नाव यादीत होतं, रस्त्यावरचे दिवे त्यांनीच घालवले होते. ते म्हणाले, "बाई, माझं नाव घेतलं, बरं वाटलं. पण मी खांबावरचं एक बटन खाली केलं. तेवढंच. घरांच्या वळचणीचे बल्ब मी न्हाई घालवले. ते ज्याचे त्यानं घालवले." मग त्यांनी गावाकडे हात केला. "हितनं रोज रात्री तेवीस बल्ब दिसतात. काल एक तरी दिसला का?"

मी रात्रभर त्या दिशेला पाठ करून दक्षिणेकडे बघत होते. दिसला नव्हता हे खरं. दिसला नाही म्हणून लक्षातही आला नव्हता.

गावात वळचणीचा बल्ब उगाच नसतो. गोठ्यात जनावर असतं, रात्री-अपरात्री बिबट्याची भीती असते, म्हातारं माणूस बाहेर जायला उठतं. तेवीस घरांनी तो बल्ब रात्रभर बंद ठेवला होता आणि मी त्या तेवीस घरांना दोन शब्दांत बसवलं होतं. काकांच्या वेळी "अज्ञात" होतं, आता "समस्त" झालं.

त्या आठवड्यात आम्ही चौघीजणी रोज संध्याकाळी माझ्या घरी पोस्टकार्डं लिहायला बसलो. ५० पैशांचं साधं पोस्टकार्ड, निळ्या शाईनं, प्रत्येकावर त्या माणसाचं नेमकं काम. छापील आभारपत्र काढावं असा एक विचार होता, पण ते सगळ्यांना सारखंच असतं. लेथवरच्या त्या भाऊंच्या कार्डावर आम्ही लिहिलं की त्यांनी कातलेल्या कडीवर फिरणाऱ्या दुर्बिणीतून त्या रात्री ६० हून जास्त जणांनी एम १०१ पाहिली. मालकांनी नंतर सांगितलं, ते कार्ड यंत्राच्या वरच्या बाजूला चिकटवलेलं आहे.

गावाला मात्र कार्डं पाठवायची नाहीत असं ठरलं. जायचंच.

६ एप्रिलला, रविवारी गेलो. त्या दिवशी रामनवमी होती हे आधी लक्षात घेतलं नव्हतं, पण बरं झालं. गाव घरी होतं. देवळात दुपारी जन्मोत्सव झाला होता, आम्हालाही सुंठवडा मिळाला. सोबत त्या रात्रीचा एक फोटो होता, मोठा करून आणलेला: खाली गावाची काळी रेघ आणि वर तारे. त्याच्या तेवीस प्रती. कर्मचारी भाऊ बरोबर आले, घरोघर घेऊन गेले. प्रत्येक ठिकाणी मी फोटो द्यायचे आणि त्यातलं त्यांचं घर दाखवायचे. म्हणजे घराची जागा, कारण घर दिसतच नव्हतं. "हे तुमचं. तुम्ही दिवा घालवला म्हणून वरचं हे सगळं आलं." लोक फोटो उजेडात नेऊन बघायचे, शेजाऱ्याला हाक मारायचे. एका आजोबांनी विचारलं, यात आमचा पिंपळ कुठाय. त्यांना पिंपळाच्या जागी तारे नाहीत तो तुकडा दाखवला, ते फार खूश झाले.

सोळावं की सतरावं घर. रस्त्याच्या कडेला कुडाचा गोठा, त्यात एक म्हैस आणि तिच्या पायाशी बसलेलं पारडू, आठवड्याचं. मावशी साठीच्या पुढच्या असतील. मी फोटो दिला, ठरलेलं वाक्य बोलले. त्या म्हणाल्या, "व्हय, घालवला व्हता. त्याच रातीला ही याली."

मला आधी नीट कळलं नाही. मी विचारलं, "त्या रात्री? अंधारात?"

"दोनाच्या सुमाराला. कळा लई वेळ चालल्या. पहिलारू नव्हं, तिसरं हाय, पर पाय अडला व्हता."

"अहो मावशी, मग दिवा लावायचा ना! आम्हाला काय झालं असतं?"

"तुम्ही म्हनला व्हता ना, एवढी एक रात उजेड नको. पोरं लांबनं आल्याती." त्यांनी गोठ्याच्या कोपऱ्यातला कंदील दाखवला. "हा लावला, बारीक करून. आन् रानाच्या अंगाला पोतं धरलं, तुमच्याकडं तिरीप जाऊ नी म्हणून."

पारडू उठून उभं राहायला बघत होतं. मागचे पाय अजून लटपटत होते, डाव्या खुरावर पांढरा ठिपका. मी खाली बसले आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला, ते गरम होतं. मला बोलायला काही सुचेना. दोन वाजता आम्ही कन्येतल्या दीर्घिका मोजत होतो. माझ्या तक्त्यावर त्या वेळच्या नोंदी आहेत: १ वाजून ५० मिनिटं, एम ८७. २ वाजून ५ मिनिटं, एम १०४. आणि शेदोनशे पावलांवर एक बाई कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात अडलेल्या म्हशीचा पाय मोकळा करत होती. तिचा उजेड आमच्यापर्यंत आला नाही, कारण तो येऊ नये याची तिनं काळजी घेतली होती. मी त्यांना म्हटलं की पुन्हा असं कधीही करायचं नाही, जनावराचं आधी, माणसाचं आधी. त्यावर त्या म्हणाल्या, "झालं की समदं नीट."

आम्ही लहान दुर्बीण बरोबर आणली होती, देवळापुढे लावायची म्हणून. ती मावशींच्याच अंगणात लावली. दिवेलागण झाली होती. नवमीचा चंद्र डोक्याच्या आसपास, अर्ध्याहून थोडा मोठा. अशा चंद्रावर उजेड-काळोखाच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात, पौर्णिमेला तसं दिसत नाही. मावशी आधी नको म्हणाल्या, "मला काय दिसतंय". मग पदर खोचून वाकल्या. दुसरा डोळा मिटता येईना, तो त्यांनी तळव्यानं झाकला. बराच वेळ हलल्याच नाहीत. चंद्र दृश्यातून सरकून गेला, मी तो पुन्हा मधोमध आणला, तरी त्यांनी डोळा काढला नाही.

मग त्या म्हणाल्या, "हे गं काय, पावसाळ्यात ढोरं चालून गेल्यावर चिखल वाळतो ना, खुरं उमटलेली राहत्यात. तसंच हाय की हे."

आम्ही इतकी वर्षं लोकांना चंद्र दाखवतो. विवरांना इतकी नेमकी उपमा मी ऐकलेली नाही. पुढच्या शुक्रवारी मंडळात ती सांगितली, आता नवीन येणाऱ्यांना आम्ही तसंच समजावतो आणि कोणाची उपमा तेही सांगतो.

त्यानंतर गुरूकडे वळवली. तो पश्चिमेला वृषभेत होता, बाजूला त्याचे चंद्र ओळीनं. सगळं घर आलं, शेजारची दोन घरं आली. कर्मचारी भाऊ रांग लावत होते. कोणीतरी जाऊन रस्त्यावरचा दिवा घालवून आलं, आम्ही न सांगता.

निघायच्या आधी मी वही काढली. ६७ च्या खाली त्या दिवसात १६ घरांची नावं आली होती, कर्त्या माणसाचं आणि घरातल्या बाईचंही, दोन्ही. मावशींना पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, वडिलांकडचंही सांगितलं. मी लिहिलं, पुढे वाक्य लिहिलं: "यांनी अमावास्येच्या रात्री म्हैस विताना कंदिलाचा उजेड आमच्याकडे येऊ दिला नाही." त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तसं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी म्हशीपाशी व्हते. माझे हात कुठं मोकळे? पोतं सुनेनं धरलं व्हतं. दीड तास उभी व्हती पोर. तिचं लिवा."

सूनबाई दारात उभी होती, हातात दुधाची चरवी. तिनं पटकन आत जायला बघितलं. मावशींनी तिला हाक मारून बाहेर बोलावलं. मी वाक्य खोडलं, दोन ओळी केल्या आणि तिला तिचं नाव विचारलं.